पाव्हण्याला खुर्ची दे

आज सकाळी कूलरचं गवत बदलणारा येऊन गेला. होळी झाली की तो मुकुंदवाडीच्या गल्ल्यांतून सायकलला गवताचे गठ्ठे बांधून ओरडत फिरतो. दरवर्षी तो आमच्या हॉलभर काड्या सांडतो, आणि दरवर्षी जाताना 'पत्रा सडला ताई, पुढच्या वर्षी नवा कूलर बघा' असं बजावतो. तो गेल्यावर मी काड्या झाडल्या, कूलरमध्ये पाणी ओतलं, बटण दाबलं, आणि पहिल्याच झोतासोबत तो वास आला. ओल्या गवताचा, गंजलेल्या पत्र्याचा, थोडा टाकीतल्या शिळ्या पाण्याचा. लोकांना या वासानं आजोळ आठवतं म्हणे. मला एक खुर्ची आठवते, आणि सकाळी सकाळीच माझं डोकं फिरतं.

मी घरी बसून काम करते. हे वाक्य आमच्या नात्यात कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कानात त्यातलं 'घरी बसून' एवढंच शिरतं, 'काम' बाहेरच्या बाहेर परत जातं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी विम्याचे कागद तपासते. लोक दवाखान्यात भरती होतात, बरे होतात, कागद पाठवतात. ते कागद दिवसभर वाचायचे आणि सगळं जागेवर आहे की नाही ते सांगायचं. गुडघे, मूतखडे, मोतीबिंदू, आणि सगळ्यांत जास्त कंबरा. तीन उन्हाळ्यांपूर्वी, लोकांच्या मणक्यांचे अहवाल वाचता वाचता, माझाच मणका बोलायला लागला.

तोपर्यंत माझं ऑफिस म्हणजे जेवणाचं टेबल आणि प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर चादरीची घडी, पाठीशी उशी, पायाखाली पाटावर पाट. उशी घसरायची, चादर गोळा व्हायची, आणि घामानं मी आणि खुर्ची एकमेकींना चिकटायचो. उठताना असा आवाज यायचा की कॉलवर असले तर मला लाज वाटायची. जेवणाची वेळ झाली की टेबलावरचं ऑफिस उचलायचं, ताटं मांडायची, पुसायचं, परत ऑफिस मांडायचं. आमटीचे डाग पडलेले विम्याचे कागद मी तपासलेले आहेत.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरून पाहिला आणि विचारलं, "बसता कशावर?" मी सांगितलं. त्यांनी एक्स-रे टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खुर्ची बदला. नाहीतर मी औषध देत बसेन आणि तुम्ही घेत बसाल."

त्याच सुमारास पुण्याहून वर्षा मॅडमचा फोन आला. आमच्या गटाचं काम त्या बघतात. बोलायला गोड आहेत, म्हणून जास्त भीती वाटते. "मंजूषा, तुमचं काम मागं पडतंय," त्या म्हणाल्या. "घरून जमत नसेल तर इथं ऑफिसला या. जूनपर्यंत बघते मी." पुण्याला या म्हणजे काय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. नवरा वाळूजच्या कारखान्यात, सासू-सासरे घरात, मी पुण्याला जाणार कशी? म्हणजे जूनपर्यंत मला या घरात धड बसायला जागा मिळाली तर नोकरी राहणार होती, नाहीतर जाणार होती. माझी एवढ्या वर्षांची नोकरी एका खुर्चीला टेकली होती.

खुर्ची घ्यायची म्हणजे काय अवघड आहे, असं मला वाटलं होतं.

जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मी, माझा नवरा सुधीर आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. अण्णांनी सगळी नोकरी तालुक्याच्या कचेरीत केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. टेबल-खुर्चीतलं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत आहे. दुकानात एसी होता, हेही त्यांच्या येण्याचं कारण असावं.

"या सर," दुकानातला पोऱ्या सुधीरला म्हणाला, "कशी खुर्ची बघायची सरांना?"

"मला बघायची आहे," मी म्हणाले.

"हो हो, मॅडम," तो म्हणाला, आणि सुधीरकडं वळून, "सर, ही बसून बघा."

सुधीर बसला. हा माणूस कुणीही बस म्हटलं की बसतो. गोल फिरला, मागं रेलला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मस्तंय." माझी कंबर उभ्या उभ्या ठणकत होती.

खुर्च्या रांगेनं मांडल्या होत्या आणि ती रांग हुद्द्याची होती. एकदम मागं, गालिच्यावर, बॉस चेअर. काळ्या रेक्झिनची, फुगलेली, डोक्याच्याही वर जाणारी. तिच्यापुढं मॅनेजर चेअर, मग एक्झिक्युटिव्ह, मग स्टाफ. आणि दारापाशी, जिथं काचेतून ऊन पडत होतं, तिथं बिनहातांच्या कॉम्प्युटर चेअर. मी विचारलं, दिवसभर टायपिंग करणाऱ्याला यातली कुठली बरी?

"मॅडम, पोस्ट काय आहे?" तो म्हणाला.

"माझी कंबर दुखते."

त्यानं विचार केला. "मग मॅनेजर बघा."

मी बॉसमध्ये बसून पाहिलं. पाठ टेकवावी तर पाय लोंबकळत होते, पाय टेकवावेत तर पाठीमागं एक माणूस झोपेल एवढी जागा उरत होती. मॅनेजरमध्ये मान पुढं ढकलली जात होती. कॉम्प्युटर चेअरमध्ये कोपर कुठं ठेवायचं हा प्रश्न. या सगळ्या खुर्च्या कुणातरी सहा फुटी, ढेरी सुटलेल्या साहेबाला समोर बसवून बेतलेल्या असाव्यात. दिवसभर खरोखर बसणारा माणूस हा त्या दुकानात कुणाच्या डोक्यातच नव्हता. तिथं खुर्ची घेणारे लोक बहुधा बसत नसावेत, मिरवत असावेत.

शेवटी एका खांबाआड मला ती दिसली. राखाडी रंगाची, जाळीच्या पाठीची, दिसायला अगदीच सुमार. मी बसले आणि कमरेत कुणीतरी पाठीमागून हात धरल्यासारखं वाटलं. पाय जमिनीवर टेकले. एसीची हवा जाळीतून सरळ पाठीला लागली. किती महिन्यांनी माझे खांदे खाली आले. दुकानात, एवढ्या लोकांत, एका खुर्चीपायी मला रडू येईल की काय असं वाटलं. मी म्हणाले, "हीच."

अण्णांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली. पाठीच्या वरच्या गोल कडेवरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला.

"याला टॉवेल कुठून टाकायचा?"

ज्यानं कधी एखाद्या सरकारी कचेरीची पायरी चढलीय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल असतो. त्यानं काहीच पुसत नाहीत. सोमवारी शिपाई तो बदलतो, कडा सारख्या करतो आणि जातो. साहेब दौऱ्यावर असोत, रजेवर असोत, टॉवेल हजर असतो आणि त्या खुर्चीत कुणी बसत नाही. अण्णा सांगतात, एकदा साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब येईपर्यंत ती खुर्ची कितीतरी दिवस रिकामी होती. कचेरीत जागेची एवढी टंचाई, पण लोक तिच्यापुढं उभं राहून काम करायचे. स्वतः अण्णा शेवटपर्यंत लाकडी, बिनगादीच्या खुर्चीवर बसले. अव्वल कारकुनाला टॉवेल नसतो.

"अण्णा, ही जाळी हवा लागायला आहे," मी म्हणाले. "टॉवेल टाकला तर जाळीचा काय उपयोग?"

"तसं नाय," अण्णा म्हणाले. "पण वरून गोल हाय. घसरून पडंल." आणि ती खुर्ची त्यांच्या मनातून उतरली.

टेबल रफिकभाईंना सांगितलं. रोशन गेटकडं त्यांचं दुकान आहे. आमचा दिवाण, देवघर आणि चपलांचा रॅक त्यांच्याच हातचा. मी त्यांना खुर्चीत बसून दाखवलं, कोपर वाकवलं, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला. माझ्यासमोर त्यांनी माप पेन्सिलीनं पट्टीवर लिहिलं. "हौ बाजी, समझ गया," म्हणाले. टेबल आलं ते माझ्या बरगड्यांना लागेल एवढं उंच. त्यावर लॅपटॉप ठेवून टाईप करायला बसले तर मी दिवाळीत गल्ल्यावर बसलेल्या मुनिमासारखी दिसत होते.

"रफिकभाई, माप काय दिलं होतं मी?"

"बाजी, वो तो भोत नीचे हो रा था. टेबल इत्ताच रहता," ते शांतपणे म्हणाले. "मेहमान आए तो खाना भी लगा सकते इसपे. और देखो, ड्रॉवर भी दे दिया मैं."

ड्रॉवर बरोबर माझ्या गुडघ्यांवर आपटत होता. जो कुणी या घरात काही करायला येतो, त्याच्या डोळ्यांपुढं मी कधीच नसते, येणारा पाहुणा असतो. मी हट्टानं ड्रॉवर काढायला लावला आणि पाय कापायला लावले. कापताना एक पाय जरा जास्त कापला गेला. त्याखाली एका लग्नपत्रिकेची घडी घातली, ती आजही तिथंच आहे.

खुर्ची घरी आली आणि हॉलच्या खिडकीपाशी, कूलरच्या समोर, मांडली. हॉलमध्येच का, तर कूलर तिथं आणि नेटही तिथंच धड चालतं. मी बसायला गेले तर आई, म्हणजे सासूबाई, धावत आल्या.

"प्लास्टिक काढू नको. मळंल."

"आई, ते काढायचंच असतं."

"राहू दे. आत्ताच तर आणली."

आमच्या फ्रिजच्या हँडलवर, रिमोटवर, एका गादीवरसुद्धा कारखान्यातून आलेलं प्लास्टिक आहे. खुर्चीच्या बैठकीवरचं मी गुपचूप कात्रीनं कापलं. त्यांनी ते पाहिलं आणि एक दिवस बोलल्या नाहीत. हातांवरचं अजून आहे. कोपर उचललं की चर्रकन आवाज येतो.

पण प्लास्टिकचं सोडा. खरं संकट लग्नसराईचं होतं. आमच्याकडं जवळच्या माणसाला मोबाइलवर पत्रिका पाठवली तर तो लग्नाला येत नाही, आणि आला तरी जेवताना बोलून दाखवतो. घरी जाऊन, अक्षता देऊन, कुंकू लावून सांगावं लागतं. आणि लासूरकडून, गंगापूरकडून जो कुणी शहरात पत्रिका वाटायला येतो, तो सगळ्यात आधी आमच्याकडं येतो. सकाळच्या गाडीनं आला तर मुकुंदवाडीला उतरतो, आणि स्टेशनवरून पहिलं घर आमचं. एसटीनं आला तरी आमचं पाणी पिऊन पुढं जायचं हे ठरलेलं. एप्रिल आणि मे, अकरा वाजले की बेल वाजायची. पाहुणा दारात चपला काढतोय तोवर स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

"उठ गं. पाव्हण्याला खुर्ची दे."

हॉलमध्ये दिवाण होता, जुन्या दोन खुर्च्या होत्या. पण नवी खुर्ची घरात असताना पाहुण्याला जुनीवर बसवायचं, हे आईंना मेल्याहून मेल्यासारखं. पाहुणाही 'असू दे, असू दे' म्हणत त्याच खुर्चीकडं सरकायचा. मी लॅपटॉप उचलायचे. वायर टेबलाच्या पायात अडकायची, माउस लोंबकळायचा. मी दिवाणाच्या टोकावर, नाहीतर आतल्या पलंगावर, नाहीतर स्वयंपाकघरातल्या डब्यांपाशी. पाठ भरून यायची, आणि पाहुणा हॉलमध्ये माझ्या कमरेच्या आधारावर रेलून उन्हाळा किती वाढलाय ते सांगायचा.

सुधीरच्या मामांनी तर खुर्चीची परीक्षाच घेतली. लासूर स्टेशनला त्यांची कांद्याची आडत आहे, अंगानं भक्कम आहेत, मनानं निर्मळ. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून त्या उन्हाळ्यात ते सारखे यायचे. मामा खुर्चीवर मांडी घालून बसतात. मांडी घातली की खुर्ची चाकांवरून कूलरकडं सरकायची. मग मामा आधाराला हात खाली न्यायचे आणि हाताला लागायचा खटका. खुर्ची हुस्स करून खाली बसायची.

"ही तर बसलीच की," मामा म्हणायचे आणि पोटभर हसायचे. "तुझं बरं हाय पोरी. घरी बसून झोके घेत ऱ्हायचं."

मामा गेले की मी त्यांची उंची उतरवून माझी चढवायची, पाठीचा पेच पुन्हा बसवायचा, चहाचा डाग पुसायचा. तोवर बेल वाजायची.

आज कूलरसमोर बसून हे आठवताना मला वाटतं, मी तेव्हाच का नाही ओरडले? पण ओरडायचं कुणावर? पाहुणा काही माझं वाईट करायला येत नव्हता. आई माझ्याशी दुष्टपणानं वागत नव्हत्या. माझ्या कमरेला तेल त्याच चोळायच्या. चोळताना म्हणायच्या, "लई बसतीस तू." आणि दुसऱ्या दिवशी उठवायच्या. यांच्याशी भांडता येत नाही आणि यांच्यासोबत काम होत नाही.

पूर्वी मी चिकलठाण्याला एका ऑफिसात होते. तिथं आम्ही खुर्चीच्या पाठीवर व्हाइटनरनं आपापली नावं लिहायचो. कुणी आपली खुर्ची पळवली की अख्खा मजला पालथा घालून, नावं वाचत, ती परत आणायचो. आम्हाला तो पोरकटपणा वाटायचा. घरी काम सुरू झाल्यावर कळलं, ते सुख होतं. घरातल्या खुर्चीवर नाव लिहिता येत नाही.

जूनच्या सुरुवातीला वर्षा मॅडमचा कॉल होता. महिन्याचं काम बघून त्या ठरवणार होत्या. मी सकाळीच घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, अकराला मला कुणी हाक मारायची नाही. अकराला कॉल सुरू झाला आणि अकरा वाजून काही मिनिटांनी गंगापूरचं एक जोडपं दारात उभं राहिलं, हातात पत्रिका. पाऊस लांबला होता, तशी लग्नंही लांबली होती.

आई स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करायला लागल्या. मी मान हलवून नाही म्हटलं. त्या पुढं आल्या. मी कॉलवरचा माझा आवाज बंद करून म्हणाले, "आई, कॉल चालू आहे."

"मग चालू दे की. उठून चालू दे. पाव्हणं उभं हाय."

पाहुण्यांचा हात एव्हाना खुर्चीच्या पाठीवर होता. मी उठले. पलंगाकडं गेले तर नेट गेलं. परत आले, स्वयंपाकघरात शिरले, ओट्यावर पोळ्यांच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला.

"मंजूषा, तुम्ही कुठं आहात?" वर्षा मॅडम विचारत होत्या. "मागं कुकर दिसतोय." त्याच क्षणी कुकरनं शिट्टी दिली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची बसायची जागा नक्की कुठं आहे?"

मी कुकरखालचा गॅस बंद केला. त्या म्हणाल्या, हा महिनाभर बघते, मग पुण्याचं ठरवू.

पाहुणे गेल्यावर मी बोलले. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. "या घरात देवाला कोपरा आहे. चपलांना रॅक आहे. रिकाम्या सिलिंडरला ठरलेली जागा आहे, तिथं दुसरं काही ठेवलं तर तुम्हाला चालत नाही. मी दिवसभर कमावते आणि मला या घरात बसायला जागा नाही. आता नोकरी जाईल, मग बसते आयुष्यभर कुठंही."

आई लाटणं हातात धरून उभ्या होत्या. त्यांना राग आला नव्हता, त्या खरंच विचार करत होत्या. "आम्ही कुटं बसलो गं?" त्या म्हणाल्या. "आम्ही तर जन्मभर टेकलोच."

ते मला लागलं. त्या कधी 'बसते' म्हणत नाहीत. 'जरा टेकते' म्हणतात. ओट्याला टेकतात, उंबऱ्याला टेकतात, दिवाणाच्या कडेला टेकतात, कुणी आलं की उठायला तयार. जेवतात उभ्यानं, कुकरची वाफ जाईपर्यंत. ज्या बाईला या घरात कधी आपली म्हणून खुर्ची नव्हती, तिला सुनेला खुर्चीवरून उठवताना काही वाटणार तरी कसं? मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी संतापही आला. मी आत जाऊन पलंगावर पालथी पडले, कारण कमरेला तेवढंच सहन होत होतं.

अण्णा सगळा वेळ पेपर वाचत होते. पेपरचं पान मात्र उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगिन करायला आले तर खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. कुठल्यातरी लग्नात आहेरात आलेला, कोरा, घडीच्या रेषा अजून तशाच. मला वाटलं, कुणीतरी वाळत घातला. हात लावला तर कोरडा. मग लक्षात आलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस अंशांची उष्णता, पाठीला हवा लागावी म्हणून अख्खं दुकान पालथं घालून आणलेली जाळी, आणि तिच्यावर हे गोधडीएवढं जाड प्रकरण. मी टॉवेल ओढला. निघेना. पाठीमागं वाकून बघितलं तर त्याला चारही कोपऱ्यांना नाड्या शिवलेल्या, जुन्या परकराच्या. टाके आईंचे होते, ते मी कुठंही ओळखते. गाठी अण्णांच्या होत्या, फाइलीला मारतात तशा.

"अण्णा, हे काय?"

"घसरत होता. म्हणून नाड्या लावून घेतल्या हिच्याकडून."

"अहो, पण हवा कशी लागणार?"

"हवा कूलरची घे," अण्णा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

गाठी सोडवायला वेळ नव्हता. मी चरफडत बसले. थोड्याच वेळात पाठ घामानं भिजली.

अकराला मामा आले. लग्न पार पडलं होतं, आता पूजेचं सांगायला आले होते. मी सवयीनं उठले, लॅपटॉप उचलला, वायर गुंडाळली. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, टॉवेलाकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मामा रोजच्यासारखे खुर्चीकडं गेले. पाठीवर हात ठेवला. बोटांना टॉवेल लागला आणि तव्याला लागावा तसा त्यांनी हात मागं घेतला.

"ही कोणाची हाय?"

"सायबाची," अण्णा म्हणाले.

"कोण सायेब?"

अण्णांनी पेपर खाली केला नाही. मामांनी हॉलभर बघितलं. खोलीत अण्णा होते, आई होत्या आणि लॅपटॉप छातीशी धरून उभी असलेली मी होते. मामांनी हळूच हात पैरणीला पुसला, मागं सरकले आणि दिवाणावर जाऊन बसले, पाय खाली सोडून. मामा मला कायम 'पोरी' म्हणतात, अगंतुगं करतात. त्या दिवशी म्हणाले, "बसा. काम करा तुमचं. आमचं काय, आम्ही पाच मिनिटं."

मी बसले. माझा चेहरा त्यांच्याकडं नव्हता, हे बरं झालं.

त्यानंतर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. पत्रिकावाले आले, शेजारचे आले, गॅसवाला सही घ्यायला आला. सगळे टॉवेल बघून दिवाणाकडं वळायचे. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जूनचं काम वेळेत गेलं, आणि जुलैत वर्षा मॅडमनी पुण्याचा विषय काढला नाही, नुसतं पुढच्या महिन्याचं काम पाठवलं. याचा मला जेवढा आनंद झाला तेवढाच संतापही झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीनं झालं नाही, नोकरी जाईल म्हटल्यानं झालं नाही, माझ्या रडण्यानं झालं नाही, ते आहेरातल्या एका टॉवेलानं झालं. माझ्या दुखण्यापेक्षा या लोकांना टॉवेल जास्त समजतो. एवढी चांगली जाळी, आणि तिचा मला आजवर एकाही उन्हाळ्यात धड उपयोग झालेला नाही.

आज सोमवार. कूलरचं नवं गवत अजून पाणी धरत नाही, झोत गरमच येतोय. अण्णा धुतलेला टॉवेल घेऊन आले. त्यांची बोटं आता थरथरतात, नाडी जाळीतून ओवायला वेळ लागतो. लॉगिनची वेळ झाली होती.

"द्या अण्णा, मी बांधते," मी म्हणाले.

"सायबानं आपला टॉवेल आपण बांधायचा नसतो," अण्णा म्हणाले.

एवढ्या वर्षांत ते स्वतः या खुर्चीत एकदाही बसलेले नाहीत. मी बसा म्हटलं तरी नाही. ते खाली वाकून गाठी मारत होते आणि मी लॅपटॉप हातात धरून त्यांच्यामागं उभी होते. चौथी गाठ झाली. त्यांनी टॉवेलाच्या कडा सारख्या केल्या आणि बाजूला झाले. मग मी बसले.